गरम भांडं धरायचं फडकं घरीच शिवा: आत काय भरायचं, काय अजिबात नाही

मोठी कढई चुलीवरून उतरवायची म्हटली की सांडशी पुरत नाही, दोन्ही कान दोन हातांनी धरावेच लागतात, अन अशा वेळेस घरात जे जवळ सापडते तेच घेतात, मसोतं, टॉवेल, नाहीतर सरळ साडीचा पदर. मसोतं ओलं राहते, पदर नायलॉनचा राहते, दोन्ही धोक्याचे. म्हणून जाड फडक्यांची एक-दोन जोडी, बाजारात ज्याला पॉटहोल्डर म्हणून विकतात ती, घरी शिवून ठेवणं लय कामाचं आहे. शिवायला कठीण काहीच नाही, ज्याला मशीनवर सरळ टीप मारता येते त्याला जमते. पण आत भरायचं काय, ते निवडतानाच बहुतेकांची गडबड होते, अन हात वाचणं न वाचणं सगळं त्या भरावावर आहे, वरची डिझाइन किती छान आहे त्याच्यावर नाही. म्हणून इथे शिवण थोडक्यात सांगते अन सामान निवडणं सविस्तर.

एक गोष्ट पहिलेच सांगून ठेवते कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरते. फडकं जाड आहे म्हणून चालेल असं नाही, ते वितळणारं नसलं पाहिजे. कापूस आपल्या वावरात पिकतो पण घरातलं कपाट उघडून पाहा, टेरीकॉटची पँट, जॉर्जेटची साडी, फ्लीसचं पांघरूण, मुलांचे युनिफॉर्म, कितीतरी कपडे पॉलिस्टरचे निघतात. सुती कापड जास्त तापलं तर पिवळं पडते, करपते, धूर येते, म्हणजे आपल्याला फडकं सोडून द्यायला वेळ मिळते. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते अन सोडता येत नाही. असं भाजलेलं खोलवर जाते.

उष्णता हातापर्यंत येते कशी

उष्णता अडवते ती खरं म्हणजे आत अडकलेली हवा, कापड फक्त त्या हवेला जागेवर धरून ठेवते. म्हणून फुललेला, लूपवाला, केसाळ भराव चांगला अन गुळगुळीत घट्ट कापड त्या मानानं कमी. पण फडकं आपण दाबून धरतो न, तिथे गंमत बदलते. दुकानातली फुगीर शीट हातात घेतली की वाटते वा काय जाड आहे, अन भरलेली कढई धरून मुठ आवळली की तीच शीट कागदाएवढी होते अन हवा निघून जाते. त्यामुळे दुकानात किंवा घरी कोणताही भराव पाहताना अंगठा अन बोटाच्या मधात जोरात दाबून पाहा, दाबल्यावर जेवढी जाडी उरते तेवढीच खरी. टॉवेलचे लूप अन लोकर दाबल्यावरही बरीच जागा धरून ठेवतात, पिंजलेली मोकळी रुई अन पॉलिस्टरचा फुगा बसून जाते.

दुसरं पाणी. स्थिर हवेपेक्षा पाणी जवळपास २५ पट जास्त उष्णता पुढे नेते. ओल्या फडक्यात हवेच्या जागी पाणी भरलेलं राहते, वरून गरम भांड्याला लागल्याबरोबर त्याची वाफ होते अन ती सरळ बोटात घुसते. चांगल्यातलं चांगलं फडकं ओलं झालं की बेकार. हे घरातल्या पोरासोरांना पण सांगून ठेवा.

कोणत्या भांड्यासाठी शिवून राहिले ते पहिले ठरवा

सगळ्याला एकच फडकं चालत नाही. आपल्या इकडचा गंज, म्हणजे पातेलं, बिनकानाचा, नुसता काठ धरून उतरवायचा, वरणानं भरलेला असला तर बोटं घट्ट आवळावी लागतात. तिथे फार जाड फडकं घेतलं की पकडच बसत नाही, गंज निसटते अन पायावर येते. गंजासाठी पातळ पण घट्ट अन वाकणारं फडकं पाहिजे, म्हणजे मऊ सुती कापडाचे बरेच थर. कढईच्या कानाला त्याहून जाड चालते, पण आकारानं लहान, ५ इंच बाय ६ इंच पुरते, नाहीतर लोंबणारा भाग चुलीच्या जाळात जाते. तवा, बेकरीसारखा ओव्हन, किंवा ओसरीत गंज टेकवायला खाली ठेवायचं फडकं, हे सगळ्यात जाड.

तापमानाचा अंदाज डोक्यात असला की निवड सोपी जाते. उकळतं पाणी १०० डिग्री, कुकर शिट्टीवर आला की आत १२० च्या आसपास, तळणाचं तेल १७० ते १९०, अन भाकरीचा तवा २०० ते २५० अन रिकामा तापत राहिला तर त्याच्याही वर. चुलीवर जाळ भांड्याच्या बाहेरून वर चढते, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जाळ तर भकाभका वर येते, त्यामुळे आत वरण उकळत असलं तरी गंजाचा काठ १०० वर थांबत नाही. आता हे पाहा: पॉलिथिन ११० ते १३० ला वितळते, नॉन-वोव्हन थैलीचं पॉलिप्रॉपिलीन १६० च्या जवळपास, साधं नायलॉन २२० ला, पॉलिस्टर २५० ते २६० ला, अन हे सगळे त्याच्या बरेच आधी मऊ पडायला, आकसायला लागतात. म्हणजे तव्यावर यातलं कोणीच टिकत नाही. सूत अन लोकर वितळतच नाही, करपते. इस्त्रीचं पाहा न, कॉटनवर ठेवलेली इस्त्री साधारण २०० डिग्रीची राहते, जे कापड त्या इस्त्रीला चिकटते ते फडक्यात घालायचं नाही, इतकं साधं आहे.

धागा जाळून पाहा, दुकानदाराच्या शब्दावर नको

प्युअर कॉटन आहे मॅडम, घेऊन जा बिनधास्त, असं सगळेच म्हणतात. त्यांनाही माहीत नसते बिचाऱ्यांना, गठ्ठ्यात येते तेच विकतात. त्यामुळे काडी ओढून पाहणं सगळ्यात भरवशाचं, अन घरच्या जुन्या कापडाला तर दुसरा इलाजच नाही.

करायचं असं. केस अन ओढणी मागे बांधा, पंखा बंद करा, स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या. कापडाच्या काठाजवळून ताण्याचे चार-पाच धागे ओढा अन बाण्याचे चार-पाच वेगळे, दोन्हीची वेगवेगळी परीक्षा करा, कारण कित्येक कापडात उभा धागा सुती अन आडवा पॉलिस्टर राहते अन एकच पाहिला तर फसगत होते. धागे पिळून एक करा, चिमट्यात पकडा, ताटलीवर धरून काडीचा जाळ हळूहळू जवळ न्या.

सुती धागा जाळ लागल्याबरोबर पेटते, पिवळा जाळ, वास कागद जळल्यासारखा, विझवल्यावर टोकाला लाल ठिणगी थोडा वेळ राहते अन राख राखाडी, बोटात धरली की पावडर होऊन उडून जाते. पॉलिस्टरचा धागा जाळ लागायच्या आधीच मागे सरकते, आकसते, मंग थेंब बनून टपकते, काळा धूर, जरा गोडसर केमिकलचा वास, अन थंड झाल्यावर टोकाला काळा टणक मणी, नखानं फुटत नाही. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, जाळ काढला की आपोआप विझते अन तिचा काळा गोळा बोटानं चुरगळता येते. स्वेटरमधलं ॲक्रेलिक भराभर जळते, नाकात झोंबणारा वास अन वेडावाकडा टणक गोळा. मिक्स कापड असलं तर दोन्ही दिसते, थोडी राख अन राखेत बारीक टणक कण. कण लागले की ते कापड बाजूला, पोछा करा त्याचा.

ही परीक्षा वरच्या कापडाची करा, आतल्या प्रत्येक थराची करा अन शिवायच्या दोऱ्याची पण करा. दोरा विसरतात. मशीनवर लावायचा साधा दोरा आजकाल बहुतेक पॉलिस्टरचा येते, तव्याला लागला की टाके वितळतात अन फडकं उकलते. सुती दोरा मागून घ्या, गोधडी शिवायचा जाड सुती दोरा मिळाला तर हातशिवणीला तोच लावा.

वरचं कापड

वरचं कापड घट्ट विणीचं, मजबूत अन शंभर टक्के सुती, बस. जुनी जीन्स चांगली, फक्त ताणून पाहा. आजकालच्या बहुतेक जीन्समध्ये ताणणारा धागा राहते, इलास्टिकवाला, अन पोरींच्या जीन्समध्ये तर जास्तच, कधी पॉलिस्टर पण. जी जीन्स हातानं ताणली तर ताणत नाही, जुन्या जाड शर्टासारखी कडक राहते, तीच घ्या. मांजरपाट चालते, दोसुती चालते, जाड खादी तर लय चांगली. वर्ध्याला गोपुरीत विनोबांनी १९३४ ला सुरू केलेलं ग्रामसेवा मंडळ आहे, वर्धा-सेवाग्राम भागात खादी मिळणं कठीण नाही. पण खादी भांडारात गेलं की पॉलीवस्त्र पण राहते, त्याच्यात पॉलिस्टर मिसळलेलं असते, दिसायला सारखंच, म्हणून सुती खादीच पाहिजे असं स्पष्ट सांगा.

इस्त्रीच्या टेबलावरचं चंदेरी कोटिंगचं कापड कोणी वापरतात. कोटिंग ठीक आहे, पण त्याच्या उलट्या बाजूचं कापड कशाचं आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आतला भराव: घरात काय काय सापडते

माझी पहिली पसंती जुना सुती टॉवेल. लूपवाला, अंघोळीचा. त्या लूपमध्ये हवा राहते अन दाबलं तरी लूप पूर्ण झोपत नाहीत, धुतला तर गोळा होत नाही, कापायला सोपा, अन फुकटात. कढईसाठी तीन थर, तव्यासाठी चार. टॉवेल जुना चालते पण टक्कल पडलेला नको, जिथे लूप घासून गेले तिथे तो नुसता पातळ कापड होते, असा भाग कापताना सोडून द्या. पंचा त्यामानानं पातळ, त्याचे सहा-सात थर लागतात. अन मायक्रोफायबरचा तो मऊ मऊ गाडी पुसायचा टॉवेल कधीच नको, तो पॉलिस्टर अन नायलॉनचा राहते.

लोकर मिळाली तर ती टॉवेलपेक्षाही सरस आहे. तिचे केस आतून कुरळे राहतात, दाबून सोडलं की परत उभे होतात, वितळत नाही, लवकर पेटत नाही, पेटली तरी जाळ दूर केला की स्वतःच विझते. मेंढीच्या लोकरीची जुनी घोंगडी कोणाकडे पडून असली, कसरीनं खाल्लेली का असेना, तर चांगला भाग कापून घ्या. एकदा गरम पाण्यात साबण लावून चोळून धुतली की ती आवळून घट्ट होते, अन तेच पाहिजे आपल्याला. एक थर घोंगडीचा मधात, दोन्ही बाजूनं एकेक थर टॉवेल, वरून जीन्स, यापेक्षा चांगलं फडकं घरी बनत नाही. लोकर उघडी ठेवू नका, टोचते अन केस भाजीत पडतात. मात्र जुन्या स्वेटरला लोकर समजू नका, ते बहुतेक ॲक्रेलिक निघतात, अन हिवाळ्यात रस्त्यावर ढिगानं विकायला येणाऱ्या ब्लँकेटात तर काय काय मिसळलेलं राहते ते काडी लावल्यावरच कळते.

जुनी गोधडी. मला स्वतःला हा प्रकार लय आवडते कारण मायचं लुगडं, आजीचं पातळ, सगळं त्यात राहते अन वर्षानुवर्षं धुवून ते सूत इतकं मऊ झालेलं राहते की गंजाच्या काठावर बरोबर बसते. शिवलेली आहेच, नुसती कापून कडा बंद केल्या की झालं, असं वाटते. पण थांबा, एक कोपरा उसवून आत पाहा. वरून सुती लुगडं, दुसरा थर सुती धोतर, अन तिसऱ्या थराला कोणीतरी नायलॉनची फाटकी साडी टाकलेली, चौथ्याला टेरीकॉटचा शर्ट, बटनाच्या काजासकट. गोधडी शिवणाऱ्या बाईनं ऊब पाहिली, तिचं काही चुकलं नाही, पण आपल्याला ते चालत नाही. थर सुटे करा, सुती तेवढे ठेवा, परत शिवा. पातळ लुगड्याचे आठ ते दहा थर गंजाच्या फडक्याला पुरतात.

घरची रुई भरू का, हा प्रश्न आपल्या भागात येणारच, वेचणी झाली की घरात कापसाचा ढीगच असते. भरता येते, पण मी पहिल्या पसंतीला ठेवत नाही. एक तर सरकी काढलेली अन पिंजलेलीच पाहिजे, सरकीसकट कापूस भरला तर सरकीत तेल राहते, गाठी लागतात अन धुतल्यावर वास येते. दुसरं, मोकळी रुई एका कोपऱ्यात सरकते अन जिथे आपण धरतो तिथेच रिकामी जागा होते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, रुईत ठिणगी गेली तर ती वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. कापसाच्या ढिगाजवळ कोणाला बिडी पिऊ देत नाही आपण, ते काऊन? तेच इथे. चुलीवर काम असलं तर रुई टाळा, गॅसवर असलं अन भरायचीच असली तर पिंजाऱ्याकडून पिंजून पातळ पापुद्रा करून घ्या, दोन्ही बाजूनं मांजरपाट लावा अन दीड-दीड इंचावर आडव्या-उभ्या टिपा मारून तिला जागेवर बांधून टाका.

विकतची सुती वॅडिंग, म्हणजे रजईत घालायची फुगीर शीट, शहरात अन ऑनलाइन मिळते. लेबल नीट वाचा, ८० टक्के सुती अन २० टक्के पॉलिस्टर असा माल सर्रास येते, रजईला उत्तम, इथे नको. शंभर टक्के सुती असली तर दोन थर अन सोबत एक थर टॉवेल. नुसत्या वॅडिंगवर भरवसा ठेवू नका, ती दबते.

आता ती चंदेरी इन्सुलेटेड वॅडिंग, इन्सुल-ब्राइट वगैरे नावानं जी येते अन जिचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. तिच्यात चमकणारी पातळ फिल्म राहते अन दोन्हीकडून पॉलिस्टरचे तंतू सुईनं टोचून बसवलेले राहतात. फिल्म काय करते तर आचेची झळ मागे फेकते. पण फडकं भांड्याला चिकटून दाबलेलं राहते, तिथे उष्णता झळेनं कमी अन स्पर्शानं जास्त येते, त्यामुळे फिल्मचा फायदा वाटते तेवढा होत नाही. वापरायचीच असली तर तिच्या दोन्ही बाजूला सुती थर पाहिजेच, एकटी कधीच नाही, अन ते फडकं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही कारण फिल्मवर धातूचा थर राहते, ठिणग्या उडतात. ओव्हनवाल्यांनी पाहावं, पण चूल-गॅसवर काम करणाऱ्या गावातल्या घरी तिच्यावर पैसे घालायची गरज मला दिसत नाही, टॉवेलचा एक थर वाढवला की काम होते.

तागाचं पोतं, म्हणजे बारदाना, खाली ठेवायच्या चुंबळीसारख्या गोल फडक्यात एक थर म्हणून चालते, पहिले गरम पाण्यानं दोन-तीनदा धुवा कारण ताग कातताना त्याला तेल लावतात अन तो वास राहते. हातात धरायच्या फडक्यात नको, वीण ढिली, भोकं मोठी, अन त्याचे बाहेर आलेले तुस जाळ लगेच पकडतात.

हे मात्र कधीच भरू नका

खताच्या अन तांदळाच्या प्लास्टिक पोत्यांचे तुकडे. कपड्याच्या दुकानात मिळणाऱ्या नॉन-वोव्हन थैल्या, त्या कापडासारख्या दिसतात पण प्लास्टिकच आहेत. गादीचा स्पंज, तो पेटला तर धूर विषारी निघते. थर्माकोल. फ्रिजच्या खोक्यातला पांढरा फोम. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी बबल पडदा. चिप्स-कुरकुऱ्याची चकचकीत पाकिटं, कोणीतरी सांगते की चांदीसारखं आहे म्हणून उष्णता अडवते, पण ती प्लास्टिकची फिल्म आहे अन तव्याच्या खूप आधीच वितळते. स्वयंपाकातली ॲल्युमिनियम फॉइल वितळणार नाही, पण धातू आहे, उष्णता भराभर पसरवते, दोन थरांत दाबली की काही अडवत नाही अन दोनदा धुतली की चुरा होते. उशीत भरायचा पॉलिफिलचा पांढरा कापूस पण यातच धरा, नाव कापूस असलं तरी ते पॉलिस्टर आहे.

कापायच्या आधी थर लावून परीक्षा

सगळे थर एकावर एक रचा, शिवू नका अजून. तवा तापवा, गॅस बंद करा, थर तव्यावर ठेवा अन वरून तळहात टेकवा, जेवढा जोर भांडं उचलताना लावतो तेवढा जोर द्या. मनात सावकाश वीस म्हणा. वीसपर्यंत नुसतं कोमट लागलं तर फडकं तव्याच्या लायकीचं, त्याच्या आत चटका जाणवला तर एक थर वाढवा. चटका जाणवला की हात लगेच उचलायचा, सहन करून पाहायचं नाही. कढई उतरवून खाली ठेवायला दहा-बारा सेकंद लागतात, म्हणून वीसचा हिशोब धरा, जवळपास दुप्पट वेळ हाताशी राहते.

मंग तीच चळत हातात घेऊन रिकामा थंड गंज उचलून पाहा. पकड बसते का, बोटं वाकतात का. बसत नसली तर थर कमी करू नका, कापड बदला, जाड टॉवेलच्या जागी मऊ लुगड्याचे थर घ्या. दाबल्यावर साधारण ६ ते ७ मिलिमीटर उरलं तर गंजाला ठीक, तव्याला १० च्या आसपास पाहिजे.

शिवण थोडक्यात

सगळं कापड कापायच्या आधी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आतला थर एक आटला अन वरचा दुसरा आटला की फडकं वाकडं होऊन बसते. कंफर्टसारखं मऊ करणारं लिक्विड टाकू नका, त्याचा थर धाग्यावर बसते अन लूपवाल्या कापडाला जाळ लवकर लागते.

तव्यासाठी ८ इंच बाय ८ इंच भराव कापा, कढईच्या कानासाठी वर सांगितला तो ५ बाय ६, वरचं कापड चारी बाजूनं अर्धा इंच जास्त. चळत रचून मधातून बाहेरच्या दिशेनं मोठ्या टाक्यांचा कच्चा धावदोरा घाला, नाहीतर मशीनखाली थर सरकतात. मशीनला १६ नंबरची सुई, जीन्स असली तर १८, टाका मोठा ठेवा, पायाची मशीन असली तर जाड जागी चाक हातानं फिरवा, सुई मोडत नाही. दोन-दोन इंचावर तिरप्या टिपा मारा, त्याहून जवळ नको, प्रत्येक टीप म्हणजे थर दाबलेली रेघ अन तिथून उष्णता जास्त जाते. रुई भरली तर मात्र दीड इंच, ते वर सांगितलंच. मशीन घेत नसली तर गोधडीसारखा हातानं धावदोरा घाला, हातशिवण कमी दाबते म्हणून उलट चांगलीच.

कडेला अडीच इंच रुंद तिरपी कापलेली सुती पट्टी लावून पायपिंग करा. बाजारातली तयार चमकदार पायपिंग पॉलिस्टरची येते, अन जळायला सुरुवात कडेपासूनच होते, त्यामुळे एवढं चांगलं भरून कडेला ती लावायची नाही. लेस, गोंडे, टिकल्या, मोती काही नको. अडकवायची नाडी दोन इंचाची, लहान, म्हणजे ती चुलीत लोंबणार नाही, अन खिळा चुलीच्या वर नाही, बाजूच्या भिंतीला ठोका.

रोडगे, म्हणजे आरात भाजलेले कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरातून काढायला हे फडकं घेऊ नका, तिथे चिमटाच. आरात हात घालायचं काम कोणत्याही कापडाचं नाही. रोडगे काढून झाडून घ्यायला, वरची राख पुसायला वेगळं साधं सुती फडकं ठेवा.

वाणाला किंवा विकायला शिवत असाल तर

संक्रांतीच्या वाणाला हे चांगलं आहे, बचत गटाच्या बाया पण शिवून विकतात. इथे माझं कळकळीचं सांगणं आहे. घरच्या फडक्यात काय भरलं ते आपल्याला माहीत असते, घेणारीला माहीत नसते, ती विश्वासानं तवा धरते. कापडाचा गठ्ठा आणला की प्रत्येक ताग्याची काडीनं परीक्षा करा, एका ताग्याची करून सगळ्यांवर विश्वास नको. अन सोबत चिठ्ठीवर लिहून द्या, पूर्ण सुती आहे, कोरडंच वापरा, जाळावर धरू नका. जे फडकं तव्याच्या परीक्षेत बसलं नाही ते चहाच्या गंजाखाली ठेवायचं म्हणून वेगळं विका, तव्याचं म्हणून नाही. खर्चाचा हिशोब पॉलिफिलनं स्वस्त होते हे खरं, पण ते करू नका.

वापरताना

दोन जोड्या ठेवा, एक ओली झाली की दुसरी. उन्हाळ्यात आपल्या इकडच्या उन्हात फडकं तासाभरात कडक वाळते, पावसाळ्यात मात्र वरून कोरडं वाटते अन आतला टॉवेल ओलाच राहते, तेव्हा गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. तेला-तुपाचं झालं की गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, तेल पिलेलं फडकं जाळ लवकर धरते. फडक्यानं ओटा पुसायचा नाही, हात पुसायचे नाहीत.

ठिणगी पडली किंवा कड जळाली तर नुसतं झटकून ठेवू नका, पाण्यात बुडवा, पूर्ण भिजू द्या, आतली ठिणगी तशीच विझते. मंग त्याला परत वापरात घेऊ नका.

एवढं करूनही भाजलंच तर बांगड्या-अंगठी लगेच काढा, साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा, नळ नसला तर लोट्यानं पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका. पॉलिस्टर कातडीला चिकटलं असलं तर ते ओढून काढू नका, वरून पाणी घालत सरळ दवाखान्यात.

फडकं कधी बदलायचं? उजेडासमोर धरून पाहा, कुठे उजेड दिसला, मधात पिवळा-तपकिरी डाग पडला, बोटानं चोळलं तर धागा चुरतो असं झालं, किंवा पूर्वी जो तवा आरामात धरत होते तो आता चटका देते, तर आतला भराव गेला. वरची जीन्स मजबूत असली तर पूर्ण फेकायची गरज नाही, एका बाजूची पायपिंग अन टिपा उसवा, जुने थर काढा, नवीन टॉवेल कापून घाला, परत तव्यावर वीस मोजा अन शिवून टाका.